सोनोग्राफीचा अहवाल वाचण्यापूर्वी

सोनोग्राफीचा कागद हातात पडताच त्यावरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांकडे टक लावून पाहावयाचे, त्यातून काही बोध होत नाही असे दिसताच खालच्या इंग्रजी मजकुरातला एखादा भारदस्त शब्द पकडावयाचा आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत त्या शब्दाचा धसका घेऊन बसावयाचे, अशी जी रीत घरोघर पडून गेली आहे, ती मोडावयाची असेल तर या यंत्राला नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याची थोडीबहुत ओळख प्रत्येकाने करून घेणे इष्ट होय. ही ओळख झाल्याने कोणी वैद्य होणार नाही, आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये. परंतु अहवालातील कोणत्या वाक्यावर भरवसा ठेवावा, कोणत्या आकड्याकडे काणाडोळा करावा आणि डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा, एवढे तारतम्य तिच्यामुळे निश्चित येते.

पहिली गोष्ट ही की, हे यंत्र शरीराच्या आत पाहत नाही. ते त्वचेवरून आत ध्वनीचा एक अतिसूक्ष्म ठोका पाठविते, त्याचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत किती काळ लोटला हे मोजते, आणि त्या काळावरून अंतराचा हिशेब करून पडद्यावर त्या जागी एक ठिपका उमटविते. प्रतिध्वनी जोरकस असेल तर ठिपका पांढरा, मंद असेल तर करडा, आणि आलाच नाही तर ती जागा काळी. हा हिशेब करताना यंत्राने काही गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात. ध्वनी शरीरात सर्वत्र सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो, तो सरळ रेषेत जातो व त्याच रेषेने परततो, आणि परत आलेला प्रत्येक प्रतिध्वनी वाटेत एकदाच आपटून आलेला आहे, ही त्यांतील मुख्य गृहीते होत. बहुतेक वेळा ती पुरेशी खरी ठरतात, म्हणूनच चित्र उपयोगी पडते. जेथे ती खोटी ठरतात तेथे पडद्यावर नसलेली वस्तू दिसते, असलेली लोपते, किंवा तिची जागा नि आकार बदलतो. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचे अर्धे कौशल्य ही फसगत ओळखण्यात असते, आणि म्हणूनच एकाच यंत्रावर दोन निरनिराळ्या हातांनी केलेल्या तपासण्यांचे मोल सारखे नसते.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्याच्या वरच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वैद्यकीय तपासणीत साधारणपणे २ ते १५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपने असलेला ध्वनी वापरतात. एवढी जलद कंपने निर्माण करण्याची किल्ली पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंना १८८० साली सापडली. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठावर विद्युत्भार प्रकट होतो, हे त्यांनी दाखविले. उलटपक्षी विद्युत्दाब दिल्यास स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे, हे लिपमान यांनी पुढच्याच वर्षी गणिताने वर्तविले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळून पाहिले. आज पोटावर फिरविल्या जाणाऱ्या प्रोबमध्ये क्वार्ट्झऐवजी बहुधा शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगापासून केलेल्या मृत्तिकेच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते. विजेचा धक्का मिळताच त्या कंप पावून ठोका सोडतात आणि लगेच स्तब्ध होऊन, परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या दाबाचे पुन्हा विजेत रूपांतर करतात. बोलण्यास लागणारा काळ फार थोडा, ऐकण्यास लागणारा त्याच्या कितीतरी पट.

हा काळ किती सूक्ष्म असतो ते पाहण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाच्या १३ पट, म्हणजे १३ मायक्रोसेकंद लागतात. पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतचे ऐकावयाचे तर एका रेषेला सुमारे १९५ मायक्रोसेकंद गेले. अशा १२८ रेषा शेजारीशेजारी जोडून एक चित्र पुरे करावयाचे तर त्यास २५ मिलिसेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० चित्रे झाली, आणि तेवढी डोळ्यास अखंड हालचालीचा भास देण्यास पुरतात. आतड्यांची वळवळ, हृदयाच्या झडपांची उघडझाप, गर्भाने झाडलेला पाय, हे सर्व घडत असतानाच दिसते ते यामुळे. साध्या क्ष-किरण चित्रात ही सोय नाही.

या विद्येचा वैद्यकात प्रवेश झाला तो युद्ध आणि कारखाना यांच्या वाटेने. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हाँ यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी समुद्रात श्राव्यातीत ध्वनी सोडला. पुढे धातूच्या पत्र्यांतील आणि जोडांतील चिरा शोधण्यासाठी तशीच यंत्रे कारखान्यांतून वापरली जाऊ लागली. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील एका बाष्पक-कारखान्यात नेल्या आणि तेथल्या दोष-शोधक यंत्रावर, तुलनेसाठी एक मांसाचा तुकडा बाजूला ठेवून, त्यांची परीक्षा केली. द्रवाने भरलेली गाठ आणि घट्ट मांसल गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे निरनिराळे आले, आणि पुढल्या सर्व उद्योगाचे बीज त्या भेदात होते. अभियंता टॉम ब्राउन व सहकारी डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह डोनाल्ड यांनी ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आपला प्रबंध छापला. या काळातील एक हकीकत प्रसिद्ध आहे: जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडून दिली होती अशा एका स्त्रीच्या पोटावर यंत्र लावले असता आत बीजांडकोशाची द्रवाने भरलेली प्रचंड गाठ असल्याचे दिसून आले, ती गाठ काढली गेली आणि ती स्त्री बरी झाली. ‘हे घट्ट आहे की पातळ?’ या एका प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर देण्यात आजही या यंत्राचा हात धरणारे साधन विरळा.

आता प्रोब निवडण्याचा प्रश्न. कंपनसंख्या जितकी जास्त तितकी तरंगलांबी कमी, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका बारकावा अधिक; ३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ०.४४ मिलिमीटर असते, १० मेगाहर्ट्झला सुमारे ०.१५. मग सर्वच तपासण्या १० मेगाहर्ट्झवर का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर असे की शरीर हे ध्वनीवर कर बसविते, आणि कंपनसंख्येच्या प्रमाणात तो वाढत जातो: मऊ ऊतींत दर सेंटिमीटरला व दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबेल. दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत यावयाचे तर ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची ऊर्जा केवळ या शोषण-विखुरण्यापायी सुमारे तीन-हजारांश उरते. १० मेगाहर्ट्झच्या ध्वनीची मात्र एक हजार कोटींत एक एवढी. म्हणून यकृत, मूत्रपिंड, गर्भ अशा खोल अवयवांसाठी वक्र पृष्ठाचा, कमी कंपनसंख्येचा प्रोब. आणि थायरॉइड, स्तन, अंडकोश, हातापायांच्या शिरा यांसाठी सपाट पृष्ठाचा, जास्त कंपनसंख्येचा. योनिमार्गातून करावयाच्या तपासणीचे मर्मही हेच आहे: गर्भाशयाच्या अगदी निकट गेल्यामुळे जास्त कंपनसंख्या वापरता येते आणि पोटावरून अस्पष्ट दिसणारी सहा आठवड्यांची गर्भपिशवी स्वच्छ दिसते. स्थूल व्यक्तीच्या अहवालात कधी कधी शरीरयष्टीमुळे तपासणीस मर्यादा पडल्याचे वाक्य असते; ते कोणाच्या वजनावर मारलेला शेरा नसून वरच्या हिशेबाची प्रामाणिक कबुली असते.

खोलवरून येणारे प्रतिध्वनी असे क्षीण होत असल्यामुळे यंत्र उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनींचा आवाज मुद्दाम वाढवून घेते, आणि किती वाढवावयाचा हे तपासणारा बटने सरकवून ठरवितो. पडद्यावरील पांढरेपणा हा त्यामुळे स्वयंसिद्ध आकडा नव्हे. तो शेजारच्या अवयवाशी ताडूनच वाचावयाचा असतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडेल.

प्रतिध्वनी निघतो कोठून? प्रत्येक पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला ध्वनिसंरोध म्हणतात, आणि जेथे दोन निरनिराळ्या संरोधांचे पदार्थ एकमेकांस भिडतात त्या सीमेवर ध्वनीचा काही अंश मागे फिरतो. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर शेकडा एक एवढाच अंश परततो, बाकीचा पुढे जाऊन पुढल्या सीमांची वार्ता आणतो. मऊ ऊती आणि हाड यांच्या सीमेवर सुमारे ४० टक्के परततो. आणि ऊती व हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळाच, ९९.९ टक्के. या शेवटच्या आकड्यातच रुग्णाला दिल्या जाणाऱ्या बहुतेक सूचनांचा उगम आहे. पोटावर थंडगार जेल फासतात ते प्रोब आणि त्वचा यांमधील हवेचा पातळ थर घालविण्यासाठी. पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी येण्यास सांगतात ते एक तर आतड्यांत वायू कमी असावा म्हणून, आणि दुसरे असे की जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते व आतला खडा दिसणे कठीण जाते म्हणून. सकाळी एक कप चहा घेतला तर काय बिघडले, असे म्हणणाऱ्यांनी त्यातील दुधाच्या स्निग्धांशाने पित्ताशय आखडू लागते हे ध्यानात घ्यावे. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशी राहण्यापूर्वी त्या दिवशीच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि शक्य तो सकाळची पहिली वेळ मागावी.

ओटीपोटाच्या तपासणीला पाणी पिऊन लघवी रोखून धरावयास सांगतात, त्याचेही कारण हेच. भरलेला मूत्राशय वायूने फुगलेल्या आतड्यांना वर ढकलतो आणि ध्वनीला गर्भाशयापर्यंत जाण्यास पाण्याची स्वच्छ वाट मिळते. तासभर आधी चार-पाच पेले पाणी पिणे बहुधा पुरते. कळा येईपर्यंत रोखून धरण्याचे शौर्य दाखविण्याची गरज नाही, कारण अति ताणलेला मूत्राशय गर्भाशयाला दाबून त्याचा आकारच बदलतो. योनिमार्गाने तपासणी असेल तर उलट मूत्राशय रिकामा हवा.

यावरून एक व्यावहारिक इशारा निघतो, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही ठेवावी. अहवालात स्वादुपिंड आतड्यातील वायूमुळे झाकले गेले अशा अर्थाचे वाक्य असेल तर त्याचा अर्थ स्वादुपिंड निरोगी आहे असा होत नाही. त्याविषयी काहीच सांगता आले नाही, एवढाच होतो. मूत्रवाहिनीचा मधला भाग असाच वायूच्या आड असतो, आणि तेथे अडकलेला लहान खडा सोनोग्राफीला पुष्कळदा चुकवितो. कमरेपासून जांघेपर्यंत उतरणारी तीव्र कळ आहे आणि सोनोग्राफीत खडा नाही, तेव्हा ‘खडा नाही’ असा निवाडा करून मोकळे होऊ नये. मूत्रपिंडात लघवी तुंबून आलेली सूज नोंदली आहे का ते पाहावे, आणि सी. टी. स्कॅनची गरज आहे का ते डॉक्टरांना विचारावे. एखादा अवयव ‘दिसला व ठीक आहे’ आणि ‘दिसला नाही’ या दोन वाक्यांत अंतर मोठे आहे, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

अहवालातील विशेषणांकडे वळू. जेथून प्रतिध्वनी मुळीच येत नाही ते अ‍ॅनइकोइक, म्हणजे पडद्यावर पूर्ण काळे: पित्त, लघवी, गर्भजल, स्वच्छ द्रव. आजूबाजूच्या मानाने कमी प्रतिध्वनी देणारे ते हायपोइकोइक, अधिक देणारे ते हायपरइकोइक किंवा इकोजेनिक, आणि सारखे देणारे ते आयसोइकोइक. यांपैकी एकही शब्द रोगाचे नाव नाही. ‘हायपरइकोइक’ हा शब्द वाचून कर्करोगाच्या कल्पनेने हवालदिल झालेली माणसे आढळतात. वस्तुतः यकृतातील रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, जिला हिमँजिओमा म्हणतात, तीही बहुधा हायपरइकोइकच दिसते, आणि मूत्रपिंडाच्या मध्यभागातील नैसर्गिक चरबीही तशीच.

पित्ताशयातील खडा हे या सर्व नियमांचे एकत्र उदाहरण म्हणून जवळून पाहण्याजोगे आहे. पडद्यावर पेरूच्या आकाराची काळी पिशवी दिसते. तिच्या तळाशी एक लखलखीत पांढरी कमान. आणि त्या कमानीच्या मागे, खालपर्यंत उतरत गेलेला काळा पट्टा. कमान म्हणजे खड्याचा प्रोबकडील पृष्ठभाग. खड्याने ध्वनी परतविला व शोषून घेतला, त्यामुळे त्याच्यामागे काही पोहोचलेच नाही. तो काळा पट्टा म्हणजे त्याची ध्वनिछाया. आता डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर वळावयास सांगतात. कमान घरंगळत पिशवीच्या नव्या तळाशी गेली आणि छाया तिच्यामागोमाग गेली, तर तो खडा. पांढरा ठिपका भिंतीला धरून जागीच राहिला आणि मागे छाया नाही, तर बहुधा पॉलिप. ‘मोबाइल’ आणि ‘अकूस्टिक शॅडोइंग’ हे अहवालातील दोन शब्द म्हणजे या लहानशा प्रयोगाची नोंद होय.

द्रवाच्या गाठीची खूण याच्या अगदी उलट. द्रव ध्वनीवर जवळजवळ काहीच कर बसवीत नाही, परंतु यंत्राने तर नेहमीच्या शोषणाची भरपाई म्हणून मागचा आवाज वाढविलेलाच असतो. साहजिकच गाठीमागचा भाग वाजवीपेक्षा उजळ दिसतो. आतून पूर्ण काळी, भिंत पातळ व गुळगुळीत, आणि मागे उजळ पट्टा, ही तीन लक्षणे जुळली की तिला साधी सिस्ट म्हणतात. मूत्रपिंडावरील साध्या सिस्ट वाढत्या वयात पुष्कळांस आढळतात आणि त्यांना सामान्यतः कोणताही उपचार लागत नाही. आत पडदे, जाड भिंत, घट्ट भाग किंवा रक्तप्रवाह यांची नोंद असेल तर मात्र ती ‘साधी’ राहिली नाही असे समजून पुढील सल्ला घ्यावा.

‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’ हा शेरा आजकाल इतका प्रचलित झाला आहे की त्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. यकृतात चरबी साचली की ते अधिक ध्वनी विखुरते आणि शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाच्या मानाने पांढरे दिसते. पांढरेपणा वाढून आतील रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की दुसरी श्रेणी, आणि ध्वनी खोलवर पोहोचेनासा होऊन मागचा भाग व श्वासपटल दिसेनासे झाले की तिसरी. ही प्रतवारी डोळ्याने केलेली असते, आणि पांढरेपणा बटनांवरही अवलंबून असतो हे वर आलेच आहे. तेव्हा एका केंद्रात पहिली श्रेणी आणि दुसऱ्या केंद्रात दुसरी आली, म्हणजे महिन्याभरात रोग बळावला असे मानू नये. यकृत किती कठीण झाले आहे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न या शेऱ्याने सुटत नाही. त्यासाठी काठिण्य मोजणारी निराळी चाचणी आणि रक्ततपासणी लागते. पहिल्या श्रेणीचा शेरा पाहून औषधांचा मारा सुरू करण्यापेक्षा वजन, साखर आणि मद्य यांकडे पाहणे शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आकड्यांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. चरबीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर असतो, यंत्र मात्र सर्वत्र १५४० धरून चालते. तीन सेंटिमीटर चरबी ओलांडून पलीकडे असलेली वस्तू त्यामुळे जवळजवळ दोन मिलिमीटर अधिक खोल दाखविली जाते. शिवाय खोलीच्या दिशेने मोजलेले माप जितके नेमके, तितके आडव्या दिशेचे नसते, कारण ध्वनीच्या झोताला स्वतःची जाडी असते आणि ती वस्तूच्या कडांना चिकटून येते. लहान मुतखडे सोनोग्राफीत प्रत्यक्षापेक्षा मोठे भरण्याची प्रवृत्ती असते ती याच कारणाने. मागच्या वर्षी पाच मिलिमीटरचा खडा यंदा सहाचा झाला, म्हणून कोणी झोप उडवून घेऊ नये.

डॉप्लरचे तत्त्व ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले ते ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी. आज ते रक्तप्रवाह मोजण्याच्या कामी येते. प्रोबकडे येणाऱ्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीची कंपनसंख्या किंचित वाढते, दूर जाणाऱ्यांवरून परतलेल्याची किंचित घटते. ४ मेगाहर्ट्झचा ध्वनी, रक्ताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि झोत व रक्तवाहिनी यांमधील कोन ६० अंश असेल, तर हा फरक सुमारे १३०० हर्ट्झ येतो, म्हणजे मूळ ध्वनी कानाला अगम्य असला तरी हा फरक कानाला सहज ऐकू येण्याजोगा असतो. तपासणीच्या खोलीतून बाहेर ऐकू येणारा ‘सुई-सुई’ असा आवाज तो हाच. गर्भाच्या हृदयाचा किंवा रुग्णाच्या रक्ताचा प्रत्यक्ष आवाज तो नव्हे. येथे कोनाचे महत्त्व फार. कोन ६० अंशांच्या आसपास असताना पाच अंशांची गफलत झाली तर वेगाच्या आकड्यात १५ ते १८ टक्क्यांची चूक पडते, आणि झोत रक्तवाहिनीला काटकोनात असेल तर वाहते रक्तही थांबल्यासारखे दिसते. पडद्यावरील तांबडा आणि निळा रंग पाहून तांबडी ती रोहिणी व निळी ती नीला असा अर्थ लावणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. प्रोबकडे येणारा प्रवाह व त्यापासून दूर जाणारा प्रवाह, एवढाच भेद ते रंग दाखवितात, आणि प्रोब उलटा धरला की रंगही उलटतात.

गर्भिणीच्या घरात सर्वांत अधिक गोंधळ होतो तो तारखांचा. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते, कारण त्या काळात सर्व गर्भ जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात. पुढे प्रत्येकाची चण निराळी होते आणि शेवटच्या तिमाहीत डोके, पोट व मांडीचे हाड मोजून काढलेल्या वयात तीन आठवड्यांपर्यंतही तफावत पडू शकते. यास्तव पहिल्या सोनोग्राफीने पक्की केलेली प्रसूतीची तारीख पुढच्या अहवालात निराळी छापून आली म्हणून बदलावयाची नसते. नंतरच्या मापांचा उपयोग वाढ यथायोग्य होत आहे का, हे पाहण्यापुरता. बाळाच्या अंदाजी वजनातही १० ते १५ टक्के कमी-जास्त होणे सामान्य आहे. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची मानेमागील द्रवाची तपासणी आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची व्यंगतपासणी या दोहोंची वेळ चुकवू नये. ती निघून गेल्यावर त्याच माहितीसाठी दुसरे दार उघडणे कठीण जाते.

गर्भलिंगाविषयी विचारणे हा गुन्हा आहे, आणि ते सांगणे हाही. महाराष्ट्राने यासंबंधीचा कायदा देशात सर्वांआधी १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. गर्भिणीची तपासणी करण्यापूर्वी ‘एफ’ नमुन्याचा अर्ज भरून त्यावर सही द्यावी लागते, ओळखीचा दाखला मागतात, आणि डॉक्टरांना खुणेनेही लिंग सूचित करण्यास मनाई आहे. या कागदपत्रांच्या सोपस्कारांनी कंटाळून तेथील कर्मचाऱ्यांवर चिडू नये. अर्ज अपुरा राहिल्यास त्याची झळ त्यांना लागते.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात: या तपासणीत क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण नसते. ध्वनीच्या ऊर्जेने ऊती किंचित तापू शकते व दाबाच्या आंदोलनाने सूक्ष्म बुडबुड्यांवर परिणाम होऊ शकतो. या दोन शक्यतांचे निदर्शक म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ‘टी.आय.’ व ‘एम.आय.’ असे दोन आकडे सतत दिसत असतात, आणि काम भागेल तितकी कमीत कमी मात्रा वापरावी असा सर्वत्र दंडक आहे. डॉप्लरला ऊर्जा अधिक लागत असल्यामुळे पहिल्या तिमाहीत गर्भाचे ठोके मोजण्यास शक्यतो एम-मोड ही साधी पद्धत वापरतात. वैद्यकीय कारणावाचून केवळ हौसेखातर तास-तासभर चित्रीकरण करून घेणे टाळावे.

राहिला अहवाल वाचण्याचा क्रम. त्याचा वरचा विस्तृत भाग हा पंचनाम्यासारखा असतो: काय दिसले, किती मापाचे, कोठे. खाली ‘इम्प्रेशन’ या शीर्षकाखाली त्यावरून केलेला निष्कर्ष येतो, आणि वाचावयाचे ते आधी हे. त्यात जे आले नाही असे एखादे विशेषण वरच्या भागात आढळले, तर तपासणाऱ्याने ते नोंदले परंतु महत्त्वाचे मानले नाही, असे समजण्यास सामान्यतः हरकत नाही. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचविले असेल तर चित्रावरून एकट्याने ठरविता येत नाही, रुग्णाला तपासून ठरवा, असे एका डॉक्टरने दुसऱ्यास सांगितले आहे. यात हात झटकण्याचा हेतू क्वचितच असतो.

तपासणीला जाताना जुने अहवाल तारखेच्या क्रमाने लावून बरोबर न्यावेत, आणि वारंवार मापे घ्यावयाची असतील तर शक्य तो एकाच केंद्रात जावे. स्त्रियांनी शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी. दुखते कोठे, ते बोटाने नेमके दाखवावे, कारण प्रोब तेथे विशेष काळजीने फिरविला जाईल. आणि पूर्वी झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया न विसरता सांगावी. दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेचे व्रण इतके बारीक असतात की पित्ताशय काढून टाकलेले आहे हे पोटाकडे पाहून कळत नाही, आणि नसलेले पित्ताशय व खड्यांनी भरून आखडलेले पित्ताशय यांचा भेद करण्यात तपासणाऱ्याचा विनाकारण वेळ जातो.